इतके डेस्कटॉप, पण त्यांचं ओझं कोणाच्या डोक्यावर?

डेबियन लिनक्स इन्स्टॉल करताना शेवटाकडे एक पडदा येतो. त्यावर डेस्कटॉपची यादी असते: ग्नोम, एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. हवा त्याच्यापुढे खूण करायची आणि पुढे जायचं. पैसे द्यायचे नाहीत, परवाना मागायचा नाही. वर्षानुवर्षं विंडोज वापरलेल्या माणसाला ही यादी पाहून आनंद होतो, आणि व्हायलाही हवा. पण त्या यादीतली एकेक ओळ तिथे टिकून राहावी म्हणून कोणीतरी सतत राबत असतं. खूण करणारा एक आणि निस्तरणारा दुसरा, असा हा मामला आहे. म्हणूनच यातला बराचसा खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

डेस्कटॉपमध्ये नेमकं काय काय येतं ते आधी पाहू. लिनक्स हा खरं तर फक्त कर्नल. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय सांभाळतो. खिडक्या, मेनू, वॉलपेपर यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते सगळं वरच्या थरात येतं आणि त्या थराला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. त्यात मेनूची पट्टी असते, खिडक्या हलवणारा विंडो मॅनेजर असतो, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, लॉक स्क्रीन, सूचना दाखवणारा भाग, पासवर्ड जपणारी तिजोरी आणि बरीच छोटी ॲप्स असतात. या सगळ्याच्या बुडाशी टूलकिट असतं, म्हणजे बटणं, याद्या, मजकुराच्या चौकटी काढून देणारी तयार कोडची लायब्ररी. लिनक्सवर अशी दोन मोठी टूलकिट आहेत, जीटीके आणि क्यूटी. ग्नोम, एक्सएफसीई, माटे आणि सिनॅमन जीटीकेच्या बाजूला. केडीई आणि एलएक्सक्यूटी क्यूटीच्या बाजूला. हे सगळं गोळा करून, पारखून, एकत्र बांधून आपल्या हातात देतात त्या डिस्ट्रो: डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट, ओपनसुसे वगैरे. ओझं मुख्यतः यांच्यावर पडतं.

इतके डेस्कटॉप झाले कसे? १९९६च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत ट्युबिंगेनला शिकणाऱ्या माथियास एट्रिखने केडीईची घोषणा केली. त्यासाठी निवडलेलं क्यूटी हे ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीचं होतं आणि त्याचा परवाना तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणीही बदलावं आणि वाटावं अशा कोडच्या, कसोटीला उतरत नव्हता. त्या आक्षेपातून १९९७च्या ऑगस्टमध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघा मेक्सिकन तरुणांनी ग्नोम सुरू केलं. त्यांनी जीटीके घेतलं, जे मुळात गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेलं होतं. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं आणि वादाचं मूळ कारणच संपलं. पण तोवर दोन चुली मांडून झाल्या होत्या, आणि दोन्हींवर रांधणारे, जेवणारे वेगळे झाले होते. पुढे २०११च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं, त्याने जुनी मांडणी पार मोडली. ज्यांना ती हवी होती त्यांनी ग्नोम २ची प्रत घेऊन माटे चालवलं, मिंटवाल्यांनी सिनॅमन काढलं, उबुंटूने आपलं युनिटी पुढे केलं. प्रत्येक फाट्यामागे खरं कारण होतं. हौस म्हणून कोणी वेगळं निघालं नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पॅकेज करणं हा फक्त पहिला हप्ता

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, डेस्कटॉप तर आधीच कोणीतरी लिहिलेला आहे, डिस्ट्रोने तो फक्त पॅकेज करून, म्हणजे इन्स्टॉल होईल अशा गठ्ठ्यात बांधून, ठेवायचा. ठेवणं सोपंच असतं. पण ठेवल्यावर तो दर महिन्याला हलत असतो. ग्नोमची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. केडीईची ॲप्स एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये येतात, त्यांच्या खालच्या लायब्ऱ्या दर महिन्याला, आणि प्लाझ्मा, म्हणजे केडीईचा प्रत्यक्ष डेस्कटॉप, आपल्या तिसऱ्याच वेळापत्रकाने. एक्सएफसीई काही वर्षांतून एकदा. डिस्ट्रोला मात्र एका ठरावीक तारखेला सगळं गोठवून आपली आवृत्ती बाहेर काढायची असते. त्या तारखेला कुठला डेस्कटॉप कुठल्या टप्प्यावर असेल, हे तिच्या हातात नसतं.

खालचं टूलकिट बदललं की खरी कसोटी लागते. जीटीके २ वरून ३ वर जायला एक्सएफसीईला किती काळ लागला बघा. त्यांची ४.१२ आवृत्ती २०१५च्या फेब्रुवारीत आली आणि जीटीके ३वर आलेली ४.१४ आवृत्ती २०१९च्या ऑगस्टमध्ये. मधली साडेचार वर्षं एका छोट्या गटाने फावल्या वेळात प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण नव्याने जोडलं. वापरणाऱ्याला नवं फारसं काही दिसलं नाही, कारण कामच तसं होतं: सगळं आधीसारखंच दिसलं पाहिजे, फक्त खालचा पाया नवा. ज्या गिंपसाठी जीटीके जन्माला आलं, ते गिंप स्वतः जीटीके ३वर पोचलं २०२५च्या मार्चमध्ये. जीटीके ४ येऊन तेव्हा चार वर्षं उलटली होती.

या सगळ्या काळात डिस्ट्रोला जीटीके २, ३ आणि ४ तिन्ही बाळगावी लागतात, आणि शेजारी क्यूटी ५ आणि ६. प्रत्येकात सुरक्षेची भोकं सापडतात, प्रत्येकाला ठिगळ लावावं लागतं. मूळ लेखकांनी जुनी आवृत्ती सोडून दिली की ठिगळही डिस्ट्रोलाच शिवायला बसावं लागतं. कुठल्या तरी एका डेस्कटॉपचं एखादं छोटं ॲप जुन्या लायब्ररीवर अडून बसलेलं असतं, आणि त्या एका ॲपसाठी अख्खी लायब्ररी काढता येत नाही.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सचं उदाहरण इथे घ्यायला हवं. त्यांची एक आवृत्ती साधारण दहा वर्षं सांभाळली जाते. बँका, कारखाने, सरकारी खाती त्या भरवशावर ती घेतात. २०१८ साली ७.६ आवृत्तीत त्यांनी सांगितलं की केडीई आता मावळतीला लागलं, आणि २०१९च्या मे महिन्यात आलेल्या आठव्या आवृत्तीत ते नव्हतं. केडीई वापरणारे नाराज झाले आणि ते स्वाभाविक होतं. पण दहा वर्षांच्या हमीचा अर्थ लक्षात घ्या. आज जो कोड आत घेतला त्यात नवव्या वर्षी भोक सापडलं, तर तो कोड वाचता येणारा माणूस तेव्हाही पगारावर असला पाहिजे. दुसरा डेस्कटॉप म्हणजे अशा माणसांचा दुसरा संच.

चाचणीचा गुणाकार

समजा एका डिस्ट्रोत पाच डेस्कटॉप आहेत. त्यातला प्रत्येक पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या दोन व्यवस्थांवर, जुन्या एक्स ११वर आणि नव्या वेलँडवर, चालवून पाहायचा. ग्राफिक्स इंटेलचं, एएमडीचं आणि एनव्हिडियाचं. झाले तीस प्रकार. अजून त्यात दोन मॉनिटर जोडलेले नाहीत, लॅपटॉप झोपवून उठवलेला नाही, प्रिंटर लावलेला नाही आणि इंग्रजी सोडून दुसरी भाषा निवडलेली नाही. सहावा डेस्कटॉप घेतला की एक नाही, सहा प्रकार वाढतात.

हे काम हातांनी होणारं नाही म्हणून ओपनसुसे आणि फेडोरा ओपनक्यूए नावाची यंत्रणा वापरतात. ती एका आभासी मशीनमध्ये अख्खी सिस्टिम इन्स्टॉल करते, माउस हलवते, टाइप करते आणि पडद्यावर जे दिसतं ते आधी साठवलेल्या चित्रांशी ताडून पाहते. त्या चित्रांना तिथे नीडल म्हणतात. प्रत्येक नीडल म्हणजे एक चित्र आणि त्यातला कुठला चौकोन जुळला पाहिजे हे सांगणारी एक छोटी फाइल. आता केडीईने आपल्या बटणाची कड थोडी गोल केली, किंवा ग्नोमने फॉन्ट बदलला, तर सॉफ्टवेअर ठणठणीत असूनही चाचणी नापास होते. मग कोणीतरी बसून एकेक चित्र उघडायचं, हा खरा बग आहे की नुसतं रूप बदललंय हे डोळ्यांनी ठरवायचं आणि नवं चित्र साठवायचं. जितके डेस्कटॉप, तितके हे चित्रांचे गठ्ठे. या कामाचं कौतुक होताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि ते नसेल तर सकाळी अपडेट केलेला लॅपटॉप दुपारी काळा पडदा दाखवील.

फेडोराची एक पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. तिथे काही डेस्कटॉप ‘रोखणारे’ मानले जातात. त्यांच्यात ठरवून दिलेल्या निकषांत बसणारा गंभीर बग सापडला, तर संपूर्ण फेडोराची तारीख पुढे जाते. ग्नोम आणि केडीई या गटात आहेत. बाकीचे डेस्कटॉप मिळतात, पण त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. उबुंटूतही असाच भेद आहे, फक्त तो वर्षांत मोजलेला: मुख्य उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षांचा आधार, आणि कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू अशा भावंडांना तीन. नाव जवळपास तेच, पण मागे उभी असलेली माणसं वेगळी, बहुतेक स्वयंसेवक. डाउनलोड करताना ही गोष्ट किती जणांच्या लक्षात येते?

वेलँडने वाढवलेलं काम

जुन्या व्यवस्थेत पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम एक्स सर्व्हर नावाचा एकच प्रोग्रॅम करायचा आणि तो सगळ्या डेस्कटॉपांत सामाईक होता. स्क्रीनशॉट घेणारं, पडद्याचं चित्रण करणारं किंवा ठरावीक कळ दाबली की जागं होणारं ॲप एक्ससाठी एकदा लिहिलं की ते ग्नोममध्ये चालायचं तसंच एक्सएफसीईत चालायचं. त्यात मोठा धोकाही होता, कारण कुठलंही ॲप दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणाऱ्या कळा ऐकू शकायचं. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँड सुरू केलं ते ही जुनी रचनाच बदलायला. वेलँडमध्ये सामाईक सर्व्हर नाही. ते काम प्रत्येक डेस्कटॉपचा स्वतःचा कंपोझिटर करतो: ग्नोमचा मटर, केडीईचा केविन. सुरक्षा सुधारली, चित्र सुबक झालं. पण जे एकदा लिहून भागत होतं, ते आता प्रत्येकाने आपापलं लिहायचं.

याचा चटका सर्वसामान्य माणसाला बसतो तो ऑनलाइन मीटिंगमध्ये. ‘माझी स्क्रीन दिसतेय का?’ असं विचारलं आणि पलीकडच्यांना नुसता काळा चौकोन दिसला. वेलँडवर ब्राउझरला पडदा थेट वाचता येत नाही. तो पोर्टल नावाच्या मध्यस्थाला विचारतो, पोर्टल त्या डेस्कटॉपच्या जोडप्रोग्रॅमला विचारतं, तुमची परवानगी घेतली जाते, आणि मग पाइपवायर नावाची चित्र-आवाज वाहून नेणारी सेवा चित्र पोचवते. ग्नोमचा जोडप्रोग्रॅम वेगळा, केडीईचा वेगळा, स्वेसारख्या सुट्या कंपोझिटरांचा आणखी वेगळा. मिंटवाल्यांनी सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीईसाठी आपला लिहिला. यातला योग्य तो नसला किंवा चुकीचा सुरू झाला, की काळा चौकोन. वापरणारा ब्राउझरला दोष देतो आणि ब्राउझरवाले विचारतात, ‘कुठला डेस्कटॉप?’

खिडकीच्या वरच्या पट्टीवरूनही असंच आहे. बंद करायची फुली असलेली ती पट्टी कोणी काढायची? केडीई म्हणतं, ॲपने सांगितलं तर आम्ही काढून देऊ. ग्नोमचं म्हणणं आहे की वेलँडवर ती ॲपने स्वतःच काढावी. दोन्ही बाजूंना त्यांचे युक्तिवाद आहेत आणि मला दोन्ही समजतात. पण एखादा छोटा गेम किंवा व्हिडिओ प्लेयर लिहिणाऱ्याच्या पदरी काय पडतं? त्याला पट्टीत काडीचाही रस नसतो, तरी ग्नोमवर आपली खिडकी बोडकी दिसू नये म्हणून लिबडेकॉर नावाची वेगळी लायब्ररी जोडावी लागते. हा खर्च डेस्कटॉपवाल्यांच्या वहीत नाही आणि डिस्ट्रोच्याही नाही. तो हजारो ॲप लिहिणाऱ्यांत थोडा थोडा वाटला गेलाय.

छोट्या डेस्कटॉपांची तर इथे कुतरओढ होते. एक्सएफसीईने २०२४च्या डिसेंबरमध्ये ४.२० आवृत्तीत वेलँडचा प्रायोगिक आधार दिला, पण स्वतःचा कंपोझिटर न लिहिता दुसऱ्याचा उसना घेऊन. माझ्या मते हे शहाणपणाचं पाऊल आहे. उलट ग्नोमने २०२५च्या सप्टेंबरमध्ये, ४९व्या आवृत्तीत, एक्स ११चं सत्र मुळातच बंद करून ठेवलं. बाहेरून पाहिलं तर सोय गेली. आतून पाहिलं तर चाचणीच्या त्या गुणाकारातला एक आकडा कमी झाला.

तिजोरी दोन, किल्ली एकीत

एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप टाकले तर काय होतं, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. मेनूत दोन फाइल मॅनेजर, दोन सेटिंग्ज, दोन टर्मिनल. पीडीएफ काल एका ॲपमध्ये उघडत होती, आज दुसऱ्यात. एवढं चालवून घेता येतं. गोम आहे ती पासवर्डच्या तिजोरीत.

ग्नोमची तिजोरी ग्नोम कीरिंग, केडीईची केवॉलेट. क्रोमियम जातीचे ब्राउझर तुमचे साठवलेले पासवर्ड एका किल्लीने कुलूपबंद करतात आणि ती किल्ली डेस्कटॉपच्या तिजोरीत ठेवतात. कुठली तिजोरी, हे ते चालू सत्राच्या नावावरून ओळखतात. ग्नोममध्ये वर्षभर वापरलेला ब्राउझर तुम्ही एक दिवस केडीईत उघडला, तर तो किल्ली केवॉलेटमध्ये शोधू लागतो. ती तिथे नसते. मग साठवलेली लॉगिनं गेल्यासारखी वाटतात. ती गेलेली नसतात, किल्ली शेजारच्या तिजोरीत असते. पण ज्याला हे माहीत नाही तो घाबरतो आणि सगळं पुसून नव्याने सुरू करतो. ओळखीचं नाव नसलेला एखादा छोटा विंडो मॅनेजर वापरला तर ब्राउझरला तिजोरीच सापडत नाही, आणि किल्ली फारशा संरक्षणाशिवाय डिस्कवर पडून राहते. दोन्ही तिजोऱ्यांशी एकाच रीतीने बोलता यावं म्हणून सामाईक बोली ठरवलेली आहे, पण ती सगळ्यांनी पूर्ण पाळायला वर्षं लागतात.

दारं किती, तितके पहारे

आता सगळ्यात गंभीर भागाकडे येतो. डेस्कटॉपचा प्रत्येक तुकडा बाहेरून आलेल्या फाइलींना हात लावतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये केडीईत एक दोष उघड झाला: खास रचलेली छोटी सेटिंग-फाइल एखाद्या फोल्डरमध्ये असली, तर ते फोल्डर नुसतं उघडून पाहिल्याने तिच्यातली आज्ञा चालायची. केडीईने ती सोयच काढून टाकली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ग्नोमच्या वाट्याला असंच आलं. तिथे नव्या फाइली आपोआप वाचून त्यांची सूची बनवणारा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालतो. तो वापरत असलेल्या लिबक्यू या लहानशा लायब्ररीत चूक होती, त्यामुळे खास बनवलेली फाइल नुसती डाउनलोड झाली तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. दोन्ही दोषांचा फटका त्या त्या डेस्कटॉपपुरता. दोन्ही डेस्कटॉप देणाऱ्या डिस्ट्रोला दोन्ही वेळा धावावं लागलं.

पण मला ज्या प्रकरणातून हा विषय खऱ्या अर्थाने उमगला, ते ओपनसुसे आणि डीपिनचं. डीपिन हा चीनमध्ये तयार होणारा, दिसायला अतिशय देखणा डेस्कटॉप. लोकांना तो हवा होता आणि स्वयंसेवक तो ओपनसुसेसाठी बांधायला तयार होते. आता डेस्कटॉपमधली काही कामं, जसं की वेळ बदलणं किंवा डिस्क जोडणं, सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात होत नाहीत. त्यासाठी रूट, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालणारी सेवा मागे असते आणि डेस्कटॉप तिला डी-बस या निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेमार्फत निरोप पाठवतो. अशी सेवा नीट लिहिलेली नसली तर मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम तिच्याकडून नको ते करवून घेऊ शकतो. म्हणून ओपनसुसेत नियम आहे: अशी प्रत्येक सेवा सुरक्षा गटाने वाचून मंजूर केल्याशिवाय आत येणार नाही.

डीपिनमध्ये अशा सेवा पुष्कळ होत्या. २०१७पासून सुरक्षा गट त्या वाचत होता, दोष कळवत होता. काही दुरुस्त व्हायचे, काही अर्धवट, काहींचं उत्तरच यायचं नाही. बरेच घटक अडकून राहिले. शेवटी पॅकेज बांधणाऱ्याने २०२१मध्ये एक पळवाट काढली. त्याने एक वेगळंच पॅकेज बनवलं. ते इन्स्टॉल करताना परवान्याच्या कराराचा असतो तसा मजकूर समोर यायचा, आणि ‘होय’ म्हटलं की मंजुरी न मिळालेल्या फाइली गुपचूप आपल्या जागी जाऊन बसायच्या. सुरक्षा गटाला याचा पत्ता लागला २०२५च्या जानेवारीत. त्याच वर्षी ७ मे रोजी त्यांनी सगळा इतिहास सविस्तर मांडून डीपिन टंबलवीड या ओपनसुसेच्या सतत बदलणाऱ्या आवृत्तीतून आणि लीप या तिच्या स्थिर भावंडाच्या पुढच्या आवृत्तीतून काढत असल्याचं जाहीर केलं.

यात पॅकेजवाल्याने केलं ते चुकीचंच, त्याला दुसरा शब्द नाही. पण तो त्या थराला का गेला, हेही पाहायला हवं. वापरणारे मागणी करत होते, मूळ लेखक आपल्या गतीने चालले होते आणि तपासणारे हात मोजके होते. एक डेस्कटॉप नीट वाचून काढायला सुरक्षा गटाची वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात डेस्कटॉप पुढच्या आवृत्तीवर गेलेला असतो. यादीत एक ओळ वाढवताना हा खर्च कोणी धरलाच नव्हता.

मराठीत टाइप करणाऱ्याला काय मोजावं लागतं

हा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्यांची गरज थोडी वेगळी, त्यांच्यावर जास्त पडतो. स्क्रीन रीडर वापरणारे अंध वापरकर्ते त्यात पहिले; २०१४मध्ये डेबियनने आपला मूळ डेस्कटॉप एक्सएफसीईवरून पुन्हा ग्नोमवर नेला, तेव्हा दिलेल्या कारणांत अशा वापरकर्त्यांसाठीची ग्नोममधली सोय होती. आणि त्यात आपणही आहोत.

इन्स्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर काम सोपं आहे, कारण तो मांडणीचा नुसता बदल असतो आणि बहुतेक डेस्कटॉपांत चालतो. पण रोमन कळांवरून उच्चाराप्रमाणे देवनागरी उमटवायची असेल, फोनेटिक किंवा गमभनच्या रीतीने, तर मध्ये इनपुट मेथड लागते: आयबस किंवा एफसीआयटीएक्स. ग्नोम आयबसशी थेट बोलतो, सेटिंग्जमध्ये मराठी निवडली की झालं. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात ती ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’च्या पानावर जाऊन निवडावी लागते, जिथे शोधायचं कोणाच्या मनातही येणार नाही. जुने मार्गदर्शक सांगतात की तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ॲप सुरू होताना वाचतं त्या सेटिंग्ज, भरा. ते काही डेस्कटॉपांत गरजेचं असतं, तर काहींत त्यानेच घोळ होतो. मग असं होतं की एका ॲपमध्ये मराठी उमटते, शेजारच्यात उमटत नाही. किंवा पर्यायांची छोटी खिडकी कर्सरपाशी न येता पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते. इंग्रजीत काम करणाऱ्या चाचणीकर्त्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ते नापासही होत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

भाषांतराचंही तेच. ग्नोमच्या फाइली वेगळ्या, केडीईच्या वेगळ्या, सिनॅमन आणि एक्सएफसीईच्या आणखी वेगळ्या. ‘फाइल हलवता आली नाही’ हे एकच वाक्य प्रत्येक ठिकाणी नव्याने मराठीत करायचं. जर्मन किंवा फ्रेंचला मनुष्यबळ आहे, त्यांना परवडतं. मराठीसाठी हे काम करणारे हात थोडे, आणि तेही चार ठिकाणी विभागले गेले की कुठलाच डेस्कटॉप पुरता मराठी होत नाही.

याच क्षेत्रात एक गोष्ट मात्र फार चांगली झाली आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. दुसऱ्यातला ऱ्य आपल्याकडे रोज लागतो, हिंदीला तो जवळपास लागतच नाही. हलन्त आणि य यांच्याआधी र आहे की ऱ यावरून रफार काढायचा की हा आडवा फराटा, हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला शेपिंग इंजिन म्हणतात. पूर्वी जीटीकेच्या बाजूचं इंजिन वेगळं होतं आणि क्यूटीच्या बाजूचं वेगळं, त्यामुळे देवनागरीतली चूक दोन्हीकडे वेगळी कळवावी लागायची. आता दोन्ही बाजू हार्फबझ हे एकच इंजिन वापरतात, शिवाय फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिसही. तिथे एकदा सुधारलं की सगळीकडे सुधारतं. डेस्कटॉप अनेक राहिले तरी चालतील, खालचं असं जितकं सामाईक होईल तितकं सगळ्यांचं ओझं उतरेल. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० साली फ्रीडेस्कटॉप हा सगळ्या डेस्कटॉपांचा सामाईक प्रकल्प सुरू केला तो याचसाठी. केडीई आणि ग्नोमच्या दोन वेगळ्या निरोप-यंत्रणांच्या जागी डी-बस आलं, हे त्यातलं मोठं यश.

मग एकच डेस्कटॉप ठेवावा का?

मला तसं वाटत नाही. केडीईने आपल्या ब्राउझरसाठी केएचटीएमएल लिहिलं. ते ॲपलने उचलून त्यातून वेबकिट काढलं आणि गुगलचं ब्लिंक त्याच वेबकिटमधून फुटलं. आज जगातले बहुतेक लोक वेबपानं पाहतात ती त्या वंशातल्या इंजिनावर. १९९७मध्ये कोणी ‘दोन डेस्कटॉप कशाला’ म्हणून केडीई बंद केलं असतं तर? रेड हॅटने केडीई काढल्यावर तीनच वर्षांनी, २०२२मध्ये, वाल्व या गेम कंपनीने स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग संगणक बाजारात आणला आणि त्याच्या डेस्कटॉपसाठी केडीई प्लाझ्माच निवडला.

माझा आग्रह एवढाच की जे पेलवेल तेवढंच आपलं म्हणावं. लिनक्स मिंटने २०१७च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की १८.३ ही केडीईची शेवटची आवृत्ती. केडीई वाईट आहे असं त्यांनी म्हटलं नाही, उलट कौतुकच केलं. पण त्यांनी लिहिलेली छोटी ॲप्स आणि साधनं सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई या तिन्हींत चालतील अशी बेतलेली होती, आणि केडीईत त्यांचा उपयोग नव्हता. तिन्ही डेस्कटॉप जीटीकेचे असल्याने एकदा केलेलं काम तीनदा उपयोगी पडत होतं. हा निर्णय मला योग्य वाटतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी युनिटी थांबवून उबुंटू परत ग्नोमवर नेण्याची घोषणा केली, हेही स्वतःचा डेस्कटॉप एकट्याने पेलवत नाही याची कबुली होती. आणि उलट्या दिशेने, फेडोराने २०२५च्या एप्रिलमध्ये ४२व्या आवृत्तीत केडीईला ग्नोमच्या बरोबरीची मुख्य आवृत्ती केलं. तिथे केडीईसाठी बग तपासणारे, तारीख अडवणारे लोक आधीपासून होते. दर्जा नंतर मिळाला.

आपण नवा डेस्कटॉप घेताना हेच पाहावं: त्या डिस्ट्रोत तो मुख्य आहे की नुसता मिळतो, आणि आधार किती वर्षांचा. टाकल्यावर वॉलपेपर बदलण्याआधी टेक्स्ट एडिटर, ब्राउझर आणि लिबरऑफिस उघडून तिन्हींत ‘दुसऱ्या वाऱ्याने’ असं काहीतरी टाइप करून बघा. एकात जरी बिघडलं तर बग नोंदवताना चार गोष्टी लिहा: डेस्कटॉप आणि त्याची आवृत्ती, एक्स ११ की वेलँड, इनपुट मेथड कुठली, आणि कुठल्या ॲपमध्ये नीट उमटलं. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, पण दोष टूलकिटचा, कंपोझिटरचा की ॲपचा हे दुरुस्त करणाऱ्याला तिच्यावरूनच लवकर कळतं.